निवड्याला नाद कळतो

भालचंद्र आजोबा आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर लिहीत; कस्तुरी चौगुलेच्या पत्राला मात्र त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. ते पत्र येऊन अख्खा पावसाळा उलटला होता. कस्तुरी आजऱ्याची, कॉलेजात शिकणारी. तिनं लिहिलं होतं, ‘सर, आमच्याकडच्या सुवासिक भातावरचं माझं “घनसाळ” हे नवं गाणं तुमच्या रेडिओ पारव्यावर आलं. “नवा आवाज” म्हणून माझं नावही झळकलं. पण आठवडाभरातच गाणं लागेनासं झालं. लोकांना ते खरंच आवडलं नाही का? तसं असेल तर स्पष्ट सांगा. मी गाण्याची शिकवणी सोडीन.’

रेडिओ पारवा म्हणजे इंटरनेटवरचा रेडिओ. त्यावर कोणाला कुठलं गाणं ऐकवायचं, हे ठरवणारा अल्गोरिदम (यंत्रानं पायरीपायरीनं काम कसं करायचं, याची कृती) आजोबांनीच रचला होता. तांदूळ निवडावेत तशी तो गाणी निवडतो, म्हणून त्याचं नाव निवड्या. आणि निवड्या ठामपणे सांगत होता, की पन्नासांपैकी चाळीस जणांनी ‘घनसाळ’ मध्येच बंद केलं.

हे त्या मुलीला कळवायचं कसं? न कळवावं तर खोटं लिहायचं कसं? आजोबांना स्वतःला गाणं आवडलं होतं. पण ‘आपल्याला गाण्यातलं काय कळतंय!’ असं म्हणून ते गप्प बसले होते.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांची नात मुक्ता गडहिंग्लजहून पुण्याला आली. आजोबांनी चाचरतच विचारलं, “तुमच्या बाजूची एक मुलगी आहे गं, आजऱ्याची. कस्तुरी चौगुले. ओळखतेस?”

“आजरा जवळ आहे म्हणून सगळ्या आजऱ्याला ओळखतो होय आम्ही? तुम्ही ओळखता का सगळं पुणं?”

“मी तर शेजाऱ्यांनाही नीट ओळखत नाही,” आजोबा ओशाळून म्हणाले आणि त्यांनी तिला पत्राची सगळी हकिगत सांगितली.

“आधी गाणं तर ऐकवा!”

आजोबांनी सांगताच भिंतीवरच्या रेडिओतून निवड्यानं गाणं लावलं. ढोलकीवर थाप पडली आणि कापणीला आलेल्या भाताचा वास यावा तसा मोकळा, टवटवीत आवाज खोलीभर पसरला. दुसऱ्या कडव्यात कस्तुरीनं अशी काही तान घेतली, की मुक्ता टुणकन उडी मारून ओरडली, “नाद करायचा नाय!”

गाणं बंद.

“बघा, इथंही रेंज जाते! आमच्याकडे तर नेहमीच असं होतं.”

आजोबा चमकले. “नेहमी?”

“होय की! चांगलं गाणं रंगात आलं की नेमकी रेंज जाते.”

“रेंज गेलेली नाही,” रेडिओतून निवड्या नम्रपणे म्हणाला. “नाद म्हणजे आवाज. आपण म्हणालात, आवाज करायचा नाही. म्हणून मी बंद केला. नापसंतीची नोंदही घेतली आहे.”

मुक्ता पोट धरून हसत सुटली. “अरे येड्या! नाद करायचा नाय म्हणजे हिच्या वाटेला कुणी जायचं नाही! हिची बरोबरीच नाही! आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नसते!”

आजोबांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, “निवड्या, त्या चाळीस जणांचा प्रतिसाद (गाणं ऐकताना श्रोता जे बोलतो किंवा करतो ते) काय होता?”

“एकतीस जण म्हणाले, ‘नाद करायचा नाय.’ पाच जण म्हणाले, ‘विषय संपला.’ म्हणून मी संपवला. चौघे म्हणाले, ‘पुढचं लाव.’”

“‘विषय संपला’ हीसुद्धा शाबासकीच की! म्हणजे खरी नापसंती चौघांचीच!” मुक्ता म्हणाली. “पण आजोबा, आम्ही जुन्या गाण्यांनाही असंच म्हणतो. ती कशी लागतात मग?”

“शितावरून भाताची परीक्षा करतात ना, तसं आहे हे,” आजोबा म्हणाले. “हाताला लागलेलं शीत म्हणजे नमुना (सगळ्याचा अंदाज यावा म्हणून घेतलेला थोडासा भाग). जुनं गाणं गावोगावच्या लाखो लोकांनी ऐकलेलं असतं. त्यात काही उत्तरं चुकीची वाचली गेली, तरी निकाल बदलत नाही. नव्या गाण्याजवळ मात्र मोजकीच शितं असतात.”

“आणि ती शितं कुठली होती?”

आजोबांचा चेहरा उतरला. “पातेल्याच्या एकाच कोपऱ्यातली. नव्या गायकाचं कौतुक आधी त्याच्या गावात व्हावं, म्हणून गाणं पहिल्यांदा त्याच भागात ऐकवायचं, असं मीच निवड्याला शिकवलं होतं. त्यामुळे सगळे श्रोते एकाच बोलीचे निघाले. चूक झाली ती सगळ्यांच्या बाबतीत एकसारखीच झाली.”

“मग पातेलं ढवळा की!”

त्या दोघांनी तेच केलं. आता नवं गाणं एकदम चहूकडच्या श्रोत्यांना ऐकवायचं आणि बोलण्याचा अर्थ कळला नाही, तर अंदाज न बांधता विचारायचं, असं निवड्याला शिकवलं. ‘घनसाळ’ पुन्हा सोडलं.

चार दिवस मुक्ता रेडिओपाशी ठाण मांडून होती. नाशिककडच्या बऱ्याच जणांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. लातूरकडच्या काहींनी ते बदललं. मग निवड्या म्हणाला, “सर, अकोल्याच्या एक बाई म्हणाल्या, ‘काय गाते बाप्पा!’ यात बाप्पा कोण, हे मला कळलं नाही, म्हणून विचारलं. त्या खूप हसल्या आणि गाणं पुन्हा लावायला सांगितलं. मला अजून किती बोली शिकायच्या आहेत?”

“शिकशील रे. मीही शिकतोय,” आजोबा म्हणाले.

संध्याकाळी ते लिहायला बसले. तीन कागद चुरगळून टाकल्यावर चौथ्यावर उतरलं: ‘प्रिय कस्तुरी, उत्तराला उशीर झाला, क्षमा कर. तुझं गाणं लोकांना आवडलं होतं. आमच्या यंत्राला तुमची बोली समजत नव्हती आणि मला ते उमगलं नव्हतं. आता गाणं पुन्हा लागतं आहे. सगळ्यांनाच ते आवडेल असं नाही. पण ऐकल्याशिवाय कोणी नाकारणार नाही. शिकवणी सोडू नकोस. पुढचं गाणं कधी देतेस?’

टपालाचा ड्रोन गॅलरीशी येऊन घुमत थांबला. आजोबांनी पाकीट पुढे केलं, मागे घेतलं. “मुक्ता, ‘उमगलं’ बरोबर आहे ना? की सरळ ‘कळलं’ लिहू?”

मुक्तानं त्यांच्या हातातून पाकीट घेतलं, ड्रोनच्या खणात टाकलं आणि झाकण लावलं. पाकीट घेऊन ड्रोन दक्षिणेकडे निघालासुद्धा.