आखितीचं पाणी

भुताच्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मे महिन्यात आमच्याकडं येऊन बघावं. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

ही गोष्ट दिवसाढवळ्या घडलेली आहे. २०२४ ची अक्षय तृतीया, शुक्रवार. गाव रेणापूरच्या पलीकडं. ज्याच्या घरी घडली तो दयानंद माझा मावसभाऊ. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, माझा काही आग्रह नाही. मलाही आधी खोटंच वाटलं होतं.

दयानंदचा बाप म्हणजे आमचे दगडोबा काका. घरात सगळे त्यांना बापू म्हणायचे. त्यांची एक जुनी डिझेल जीप होती. तीस वर्षं त्यांनी त्या जीपमधून लातूरच्या शिटा, म्हणजे प्रवासी, वाहिल्या. तीन वर्षांपूर्वी बापू गेले. मागं जीप राहिली, आणि धोंडा मावशी राहिली.

मग मावशीच्या किडन्या गेल्या.

मंगळवार आणि शुक्रवार, लातूरला डायलिसिस. एक पाळी चुकली की अंगात पाणी भरायचं, बसल्या जागी धाप लागायची. दोन चुकल्या तर काय होईल, ते डॉक्टरनं दयानंदला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच जीपच्या इंजिननं मान टाकली.

दयानंद तरुणपणी नांदेडला गॅरेजात होता. हात चांगला. डोकं मात्र गरम, आणि घाई तर विचारूच नका. त्यानं लिंबाच्या फांदीला चेनकप्पी बांधली, इंजिन उचलून अंगणात ताडपत्रीवर ठेवलं आणि पार खोलून टाकलं. बॅटरी काढून आतल्या खोलीत ठेवली. मीटरवर किती किलोमीटर झालेत ते खडूनं भिंतीवर लिहिलं. मिस्त्री लोकांची सवयच असते ती.

गुरुवारी नटबोल्ट डिझेलात भिजत घालायला भांडं मिळेना. घमेलं भरलेलं, डबे भरलेले. कोपऱ्यात एक कोरी मातीची केळी होती. केळी म्हणजे लहान घागर. अक्षय तृतीयेला, आमच्या भाषेत आखितीला, गेलेल्या माणसाच्या नावानं ती पाण्यानं भरून ठेवतात. उन्हाळ्यात त्याची तहान भागावी म्हणून. मावशीनं ती बाजारातून बापूंसाठी आणली होती.

दयानंदची बायको पुनम ओरडली, "अहो, ती बापूंची केळी हाय! उद्या पाणी भरायचंय तिच्यात!"

"भर की दुसऱ्या कशात. बापू असते तर तेच म्हणले असते, आधी गाडी बघ."

आणि त्यानं केळीत डिझेल ओतलं.

माणूस घाईत बोलून जातो हो. पण ऐकणारं कोण असतं, ते कुठं माहीत असतं?

शुक्रवारी पहाटे दयानंद एसटीनं नांदेडला गेला. इंजिनाचा क्रँक घासायला तिथल्या लेथवाल्याकडं दिला होता, पिस्टनच्या रिंगाही तिथंच मिळणार होत्या. आईला लातूरला न्यायला गावातल्या उमाशंकरची गाडी सांगून ठेवली होती. नऊ वाजता.

अकराला त्यानं उमाशंकरला फोन लावला.

"दयानंद, मी उदगीरला हाय बाबा. माझा साडू गेला पहाटे. तुला किती फोन केले, लागतच न्हाई."

मंगळवारी आईला त्रास झाला म्हणून पाळी अर्ध्यात थांबवली होती. आता ही पण चुकली.

त्यानं पुनमला फोन केला.

"आई? त्या गेल्या की नवालाच! हॉर्न वाजला. मी पुरण वाटून राहिले होते, हात भरलेले. भाईर येस्तोवर गाडी गेली बी."

जरा थांबून ती म्हणाली, "आवाज मात्र… आपल्या जीपवाणीच होता."

त्यानं दवाखान्यात फोन लावला. सिस्टर लुंबिनीनं उचलला. "आजी दहालाच आल्यात. मशीनवर हायत. काळजी नको."

दयानंदनं हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

मग डोकं चालायला लागलं.

उमाशंकर उदगीरला… मग गाडी कुणाची?

तीन वाजता तो लातूरला पोचला. मावशी बाकावर बसली होती.

"आये, कुणासंग आलीस?"

"आपल्या जीपात."

"आगं, जीप खोललेली हाय! इंजिन भुईवर पडलंय!"

"मला काय कळतं त्यातलं? तू माणूस पाठवलास, मी बसले."

"कोण माणूस?"

"तोंडाला टावेल गुंडाळलेला. सगळ्या वाटंनं एकदा बी मागं वळला न्हाई."

"काही बोलला?"

"रेणापूरच्या फाट्यावर थांबला. पाणी हाय का म्हणला. मी बाटली दिली. लई तहानलेला… आख्खी पिला. अन् म्हणला…"

"काय म्हणला?"

"तोंडातला डिझेलचा वास काय जाईना."

बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन होतं. दयानंदनं तशा उन्हातच आईला उठवलं.

तो आईला ऑटोनं घरी घेऊन आला. जीप लिंबाखाली होती तशीच. बोनेट उघडं, आत सगळं पोकळ. इंजिन ताडपत्रीवर. बॅटरी खोलीत. क्रँक तर त्याच्याच पिशवीत होता.

त्यानं भिंतीवरचा आकडा वाचला. मग मीटर बघितलं.

सव्वीस किलोमीटर जास्त.

गावापासून लातूर सव्वीसच आहे. जाण्याचे सव्वीस. परत येण्याचे नव्हतेच.

त्यानं केळी रिकामी केली. राखेनं घासली, साबणानं धुतली. पण मातीच ती, तिनं डिझेल पिऊन घेतलेलं. वास जाईना. दुसऱ्या दिवशी नवी केळी आणून पाण्यानं भरली आणि तिच्यापुढं बसून लहान पोरासारखा रडला. "बापू, चुकलो."

मग तीन दिवस पाठ टेकली नाही त्यानं. सोमवारी इंजिन बसवलं. एका सेल्फात सुरू झालं, आवाज एकदम गोड.

मंगळवारी स्वतः गाडी काढली. मावशी मागं बसली. रेणापूरचा फाटा आला.

"थांबव."

"काय झालं आये? दम लागला?"

"न्हाई. पाणी मागून राहिलेत."

दयानंदनं आरशात बघितलं. मावशी एकटीच होती. सीटच्या एका कडेला, अंग चोरून बसलेली. शेजारची जागा रिकामी…

"कोण मागून राहिलंय आये?"

मावशी वैतागलीच. "आता गाडी तू चालवून राहिलास. मग ते कुठं बसतील?"

लातूर येईपर्यंत बाटली रिकामी झाली होती. डायलिसिसच्या माणसाला पाणी घोट घोट मोजून. दयानंदनं घाबरत सिस्टरला सांगितलं. तिनं मावशीचं वजन केलं, परत केलं.

"आजींनी न्हाई पिलं एवढं पाणी. पिलं असतं तर काट्यावर दिसलं असतं."

मावशी अजून आहे. मंगळवार-शुक्रवार चुकत नाही. मागच्या महिन्यात मीही गेलो होतो त्यांच्यासोबत. पुढं बसलो. मागं बसायचं धाडस नव्हतं, खोटं कशाला बोलू? आरसा दयानंदनं काढून टाकलाय.

दवाखान्याच्या दारात मी त्याला विचारलं, "भीती वाटत न्हाई का रे?"

"जाताना न्हाई वाटत. जाताना बापू तिला सांभाळून नेतेत. पण ते परत येत न्हाईत रे आमच्यासंग, इथंच उतरतेत. अन् एखाद्या दिवशी तिलाबी इथंच उतरवून घेतलं तर…"



परत येताना दर थोड्या वेळानं तो मागं न बघता हाक मारायचा. "आये." मागून मावशी म्हणायची, "हाय रे."

घर येईपर्यंत त्यानं चौदा वेळा हाक मारली. मी मोजल्या. चौदाही वेळा मावशीनं ओ दिली.

एकदा मात्र… जरा उशिरा दिली.