ढालकोठडी

चंद्राभोवती फिरत ठेवलेले 'शलाका' हे जुने यान आता संग्रहालय झाले होते. त्या उड्डाणाच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त समारंभ होता आणि सौरशास्त्रज्ञ सुनेत्रा राजाध्यक्ष त्यासाठी पुण्याहून आली होती. तिचे वडील अच्युत आणि रेमंड डाबरे या दोघांनी हे यान चंद्रापर्यंत आणले होते. परतीच्या कुपीतून अच्युत जिवंत उतरले. शेजारच्या आसनावर रेमंडचा मृतदेह होता.

अच्युतांनी पुढे आयुष्यभर तीच हकीकत सांगितली. सौरकणांचे वादळ आले, स्वयंचलित नियंत्रण जळाले, आणि यान कोणीतरी हाताने सांभाळणे भाग पडले. जाड भिंतींच्या ढालकोठडीत एकाने थांबायचे, दुसऱ्याने उघड्या चालककक्षात बसायचे. दोघांनी सारख्या पाळ्या केल्या. रेमंडच्या शरीराला ते सोसले नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी यानावरच्या प्रयोगशाळेत डॉ. ग्लोरिया डाबरेने तिला बोलावले. रेमंडची ही मुलगी वडील गेले तेव्हा तीन वर्षांची होती. अवकाशयात्रींच्या मुलांच्या जनुकांवर ती संशोधन करत होती. सुनेत्राने तिला निघण्यापूर्वीच आपल्या लाळेचा नमुना पाठवला होता.

"तुमच्या नमुन्यात विकिरण-ठसा नाही," ग्लोरिया म्हणाली.

"मला सूर्य कळतो, पेशी कळत नाहीत. नीट सांगा."

"वादळातले कण शरीरातून आरपार जातात तेव्हा जनुकसूत्र जवळजवळच्या अनेक जागी तुटतं. पेशी ते घाईने सांधते. त्या सांध्यांत चुकांचे पुंजके राहतात. पुरुषाच्या बीजपेशी ज्या मूळ पेशींपासून बनतात, त्यांच्यात हे पुंजके कायमचे राहतात आणि नंतर झालेल्या मुलांत उतरतात. वादळात सापडलेल्या प्रत्येक यात्रीच्या नंतरच्या मुलांत मला ते मिळालेत."

"मी उड्डाणानंतर दोन वर्षांनी जन्मले."

"म्हणूनच विचारते. विकिरणाची मात्रा अगदी कमी असली तर ठसा उमटत नाही. त्या वादळात निम्मा वेळ उघड्यावर काढला, तर मात्रा किती होते?"

सुनेत्राने ज्या वादळांवर प्रबंध लिहिला होता, त्यांत हे वादळ होते. तिला आकडेमोड करायची गरज पडली नाही; ठसा उमटायलाच हवा होता.

"मी त्यांची मुलगी नसेन," ती म्हणाली. असे म्हणताना आपल्याला बरे वाटते आहे, हे तिच्या लक्षात आले.

"तुमच्या आत्यांचाही नमुना आहे माझ्याकडे. तुम्ही त्यांच्याच आहात."

दोघी ढालकोठडीपाशी गेल्या. दाराला आतून जाड कडी होती. बाहेरून काहीच नव्हते.

"वादळात चुकून उघडू नये म्हणून," सुनेत्रा म्हणाली.

"हो. माझ्या वडिलांची पाळी संपल्यावर ते इथेच आले असणार."

सुनेत्राने दारावरचा हात काढून घेतला.

"मी तुमचं नाव छापणार नाही," ग्लोरिया म्हणाली. "पण या उड्डाणानंतर दोघांपैकी एकालाच मूल झालं. लोकांना कळेल. तुमची परवानगी नसेल तर हा नमुना वगळावा लागेल. माझ्या आईला ती जाईपर्यंत एकच सांगितलं गेलं, की तुझा नवरा कमकुवत निघाला."

तिथूनच सुनेत्राने पुण्याला आईशी संपर्क जोडला. आवाज यानभर घुमत होता. ग्लोरिया बाजूला होऊ लागली, तशी सुनेत्राने तिला थांबवले.

"आई, बाबा त्या वादळात कोठडीतून बाहेर आलेच नव्हते का?"

पृथ्वीवरून शब्द यायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ गेला.

"कोण म्हणालं तुला?"

"माझ्याच जनुकांत दिसतंय. मी निरोगी आहे."

"मग निरोगी असणं काय वाईट आहे का?" आईचा आवाज शांत होता. "परत आल्यावर त्यांचं रक्त तपासलं होतं. डॉक्टर म्हणाले, यांना काही झालेलंच नाही, खुशाल मूल होऊ द्या. तेव्हा कुठे आम्ही तुझा विचार केला. नाहीतर हिंमत झाली असती का आमची?"

"म्हणजे डॉक्टरांना ठाऊक होतं. तुलाही."

"सगळ्या मोठ्या लोकांना ठाऊक होतं. एक गेलाच होता. दुसऱ्याचंही नाव खराब झालं असतं, तर पुढची उड्डाणं झाली असती का? आणि तू तरी आज तिथे गेली असतीस का?"

आईच पुढे म्हणाली, "रेमंडची मुलगी भेटेल तुला तिथे. तिच्याशी चांगलं वाग. पण यातलं काही सांगू नकोस हं. उगाच त्रास होईल बिचारीला."

"ती इथेच उभी आहे, आई," सुनेत्रा म्हणाली. "ती हे छापणार आहे. मी हो म्हणतेय."

पृथ्वीवरून शब्द यायला जितका वेळ लागतो, त्याहून कितीतरी अधिक वेळ गेला. पलीकडून काही आले नाही.