पदरची रेघ

बारीक टोकाचं पेन घ्यायला गेलं की माझं डोकं फिरतं. दुकानदार हमखास विचारतो, "बारीक म्हणजे किती बारीक?" माशीच्या पंखावरची शीर एकदा काढून बघ बाबा, मग विचार. मी संग्रहालयासाठी कीटकांची चित्रं काढते. पॉइंट वनचं पेन मला झाडूसारखं वाटतं. पॉइंट झिरो फाइव्ह बरं, झिरो थ्री त्याहून चांगलं, पण त्याचं टोक इतकं नाजूक की हात जरा जड पडला की आत बसतं आणि पेन कामातून जातं.

त्या दिवशीही मी नेहमीच्या दुकानात काउंटरवर पेनं पसरून बसले होते. एकाची शाई फुटत होती, एक कागद ओरबाडत होतं. काउंटरमागचे काका माझ्या कटकटीला सरावलेले. शेवटी त्यांनी खणातून एक काळं पेन काढून पुढे सरकवलं. त्यावर आकडा नव्हता, कंपनीचं नावही नव्हतं.

"याहून बारीक माझ्याकडे नाही," ते म्हणाले.

मी ते उजेडात धरलं. शाईची नळी पारदर्शक होती. "काका, हे अर्धं वापरलेलं आहे."

"असेल. म्हणून तर पैसे न घेता देतोय. घेऊन जा."

नवं पेन पाहताना आमच्या धंद्यातले सगळे एकच गोष्ट काढतात, स्वतःचा डावा हात. तो कायम समोर असतो आणि हलू नको म्हटलं की हलत नाही. मी तर्जनी तेवढी काढली. रेघ अशी उतरली की मी श्वास घ्यायचं विसरले. केसाचे उभे चार भाग करावेत आणि त्यातला एक कागदावर ठेवावा, इतकी बारीक आणि तरीही काळीभोर. मग माझं लक्ष गेलं. चित्रातल्या बोटाच्या मुळाशी एक आडवा व्रण होता, टाक्यांच्या खुणांसकट. मी बोट पाहिलं. तिथे काही नव्हतं. नवं पेन, हात घसरला असेल, असं म्हणून मी कागद पिशवीत टाकला.

घरी मी आणि आई, दोघीच. मी एकुलती एक, वडील जाऊन बरीच वर्षं झाली. पेन पाहून आई म्हणाली, "किडेमुंग्या झाल्या असतील काढून, तर जरा आईकडेही बघ. मी मेल्यावर फोटोवरून काढशील आणि नाक चुकवशील."

"तुझं नाक चुकवायला फार मोठा कागद लागेल," मी म्हटलं. ती खूश झाली.

रोज सकाळी ती खिडकीपाशी बसायची, मी काढायची. आईचा चेहरा म्हणजे सुरकुत्यांचं जाळं, आणि माझ्या पेनाला तर तेच हवं होतं. डोळ्यांच्या कडेपासून सुरुवात केली. थोड्या वेळानं मान वर करून पाहिलं, तर काढलेल्या रेघा तिच्या चेहऱ्यावर सापडेनात. मला त्याचं काही वाटलं नाही. भिंग लावून काम करणाऱ्याला हे ठाऊक असतं. जी रेघ कागदावर उतरली, ती डोळा पुन्हा शोधतच नाही, पुढच्या रेघेकडे जातो. नाहीतर एकच पाय सात वेळा काढला जाईल. मी याच सवयीवर विसंबले आणि काढत राहिले.

कपाळावर डाव्या बाजूला चित्र ओकं वाटत होतं. तिथे मी पदरची एक रेघ घातली. तोल साधायला हे सगळेच करतात, कबूल कोणी करत नाही.

शेजारीण आली ती दारातच थबकली. "काकू, चेहऱ्याला लावता तरी काय?"

"काही नाही गं. लेकीनं रेघ न् रेघ उतरवून घेतली माझी," आई म्हणाली. आम्ही तिघी हसलो.

मग मी तिच्या भुवईवरचा व्रण काढला. त्या व्रणाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. मी चिमुरडी असताना दूध नको म्हणून वाटी भिरकावली आणि ती आईला लागली. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"घे, वाटी पण झाली काढून," मी म्हटलं.

"कसली वाटी?"

"आई, नाटकं नकोत. तुझ्या भुवईवरची."

तिनं भुवईवरून बोट फिरवलं. तिथे काही नव्हतं. "मला कधी लागलं?" तिनं विचारलं. ती खरंच विचारत होती.

मी पेन खाली ठेवलं. खिडकीच्या उजेडात मी पहिल्यांदा तिच्याकडे आई म्हणून पाहिलं. इतके दिवस मी नुसत्या रेघा पाहत होते. डोळ्यांच्या कडा सपाट होत्या. कपाळ उकडलेल्या अंड्यासारखं. मी तिला विचारत सुटले. वडील कसे गेले? आपण हे घर कधी घेतलं? मला गोवर आला तेव्हा रात्रभर कोण बसलं होतं? ती आपली माझ्याकडे पाहून गोड हसत होती, एखाद्या पाहुणीकडे पाहावं तसं.

डॉक्टर म्हणाले, वय झालंय, विसरायचंच. त्वचेबद्दल विचारलं तर म्हणाले, नशीबवान आहेत. मला त्यांचं टेबल उलथून टाकावंसं वाटलं.

घरी आले आणि जे सुचलं ते केलं. तेच पेन घेतलं, चित्र समोर ठेवलं आणि आईच्या भुवईवर, तिच्या कातडीवर, तो व्रण जसाच्या तसा काढला. ती गुदगुल्या झाल्यासारखी मान वेळावत होती. शेवटचा ठिपका दिला. शाई कातडीत मुरली आणि तिथे मांसाचा जुना, पांढुरका व्रण उरला.

"वाटी स्टीलची होती," आई म्हणाली. "नशीब काचेची नव्हती. अस्सा राग तुझा, बापावर गेलीस."

मी तिच्या मांडीत डोकं खुपसून ढसाढसा रडले. मग चित्र पाहिलं. कागदावरच्या भुवईवर आता व्रण नव्हता.

म्हणजे परत करता येत होतं. मी वेळ घालवला नाही. नळीत थोडीच शाई उरली होती. डोळ्यांच्या कडा, मग गाल, मग कपाळ. पाहायचं, काढायचं, पाहायचं, काढायचं. आणि आई परत येत होती. गोवर आला, घर आलं. वडील आले तेव्हा ती पुन्हा नव्यानं रडली आणि मी तिचे डोळे पुसत काढत राहिले. कपाळावरची डावी रेघ काढून झाली, तेव्हा माझा हात थांबला.

ती रेघ आईची नव्हती. ती माझ्या पदरची होती.

आईनं दाराकडे पाहिलं.

"ताई आली नाही अजून?" तिनं विचारलं.

"कोणाची ताई?"

"तुझी. आणखी कोणाची?"

मी समजावलं. आई, मी एकटीच तुला. चूक माझी आहे, मी एक रेघ उगाच घातली. तिला काही पटेना. ती चिडलीच.

"उगाच? तुझं बोट दारात चेमटलं ते कोणामुळे? टाके घालताना तुला कडेवर कोणी धरलं होतं? सख्ख्या बहिणीला विसरलीस?"

मी डावा हात पाहिला. तर्जनी गुळगुळीत होती. बोटाच्या पेरांवर घड्यासुद्धा नव्हत्या. हे मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

पिशवीतून दुकानातला कागद काढला. बोटाच्या मुळाशी आडवा व्रण. टाके अगदी सारख्या अंतरावर. हात घसरला की असे टाके पडत नाहीत.

मी पेन उजेडात धरलं. नळीच्या तळाशी थेंबभर शाई होती. आईच्या हनुवटीखालच्या दोन रेघा अजून राहिल्या होत्या. त्यांत काय होतं, मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.

त्या रेघा आणि माझ्या बोटाचा व्रण, दोन्हींना शाई पुरणार नव्हती.

आधी आईच्या रेघा काढायला हव्या होत्या. मला कळत होतं. पण ताई नव्हतीच, हे मला माहीत करून घ्यायचं होतं. नाहीतर त्या घरात मी एक दिवस काढू शकले नसते.

मी व्रण बोटावर काढला. एकेक टाका. शेवटच्या टाक्याला पेन कोरडं पडलं.

बोट ठणकलं.

हिरवं दार आठवलं. त्याची कडी. माझं किंचाळणं. आणि दार ढकलून माझ्याकडे धावत येणारी ताई, पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. तिनं मला उचलून घेतलं. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

तिचा चेहरा मला आता लख्ख आठवतो. त्यावर एकही रेघ नाही. नाकाची नाही, डोळ्यांची नाही, ओठांची नाही.