गेटवाल्याच्या गॅरेजची लाइन

दुकानात माझ्या पुढे उभा असलेला माणूस वेल्डिंग मशीनसाठी टेबलफॅनची वायर मागत होता.

मला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची सवय आहे. "त्या वायरवर मशीन लावलंत, तर लोखंडाच्या आधी वायर वितळेल," मी मागून म्हणाले.

तो वळला. भुवईपाशी ठिणगीने भाजल्याची बारीक खूण, आणि डोळ्यांत... हसू. "तुम्हाला यातलं कळतं?"

"मी इलेक्ट्रिशियन आहे."

"मग वायर राहू द्या," तो दुकानदाराला म्हणाला, पण बघत होता माझ्याकडे. "इलेक्ट्रिशियनच द्या."

दुकानदार उगाच खोकला. मी उगाच बल्बांच्या खोक्यांकडे बघत राहिले.

त्याला सगळे गेटवाला म्हणत. दिवसा दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये तो गेटं जोडायचा, आणि आता घरच्या गॅरेजमध्ये त्याला स्वतःचं काम सुरू करायचं होतं. मशीन आलं होतं, एका जिन्याच्या कठड्याचं काम हाती होतं, फक्त मशीनला पेलेल अशी लाइन नव्हती. ती टाकायचं काम मी घेतलं. बाबांना न विचारता घेतलं. बाबा जुने वायरमन. मी त्यांच्याच हाताखाली शिकले, पण माझ्या वाट्याला यायचे ते पंखे, दिवे आणि दारावरच्या बेल. "मशीनची लाइन म्हणजे खेळ नाही," असं म्हणून मोठ्या कामाला ते मला शिडी धरायला लावायचे. ही लाइन जमली असती तर माझी शिडी सुटणार होती.

मीटरपासून गॅरेजपर्यंत जाड केबल ओढली, मशीनला वेगळा ब्रेकर दिला, अर्थिंग नव्याने केलं. गेटवाला खाली उभा राहून क्लिपा देत होता.

"वर काय बघताय?" मी विचारलं.

"केबल."

"केबल उजवीकडे आहे."

"हो का..." तो म्हणाला. "बरीच लांब आहे ना? सावकाश लावा. मला घाई नाही."

शेवटी ब्रेकरच्या पांढऱ्या पेटीवरचं छोटं बटण मी त्याला दाखवलं. "करंट कुठे गळला तर हा ब्रेकर आपोआप पडतो. हे टेस्टचं बटण. महिन्यातून एकदा दाबायचं. लगेच लाइन गेली, म्हणजे ब्रेकर शाबूत आहे असं समजायचं." मग पेटी फडक्याने लख्ख पुसली आणि शीळ घालत घरी गेले.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी फोन आला. "लाइन गेलीय."

मी हातातलं काम तसंच टाकलं. धावत जाऊन एकूण एक स्क्रू आवळला, अर्थिंग तपासलं, मशीन चालू केलं. सगळं सुरळीत. "कशाने गेली असेल?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक," तो म्हणाला आणि चहाचा कप पुढे केला.

मग पुन्हा गेली. मग पुन्हा. मी गेले की लाइन शहाण्यासारखी वागायची. एकदा त्याची आई दारात येऊन म्हणाली, "एखादा जाणता माणूस बोलवायचास रे." मला ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात म्हणाली. मी मान खाली घालून आधीच आवळलेले स्क्रू पुन्हा आवळत राहिले. कान तापले होते.

पण खरी लाज वेगळीच होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. त्याचा फोन वाजला की मला आधी आनंद व्हायचा आणि मग काळजी वाटायची. बिघडलेली लाइन माझी, नाव जात होतं माझं, आणि मी कपाट उघडून इस्त्रीचा निळा शर्ट शोधत होते.

बाबांच्या कानावर गेलंच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "उद्या सकाळी मी येतो," एवढंच म्हणाले. "सगळं काढून नव्याने टाकू. तू शिडी धर."

मला जेवण गेलं नाही. सकाळी बाबांच्या आधीच मी निघाले. माझी लाइन दुसऱ्याने उचकटलेली मला बघवली नसती.

गेटवाल्याने हसतच गॅरेज उघडलं. "आज तर मी फोनही केला नव्हता."

"काढायला आलेय. बाबा नवीन टाकतील."

त्याचं हसू गेलं. "काढायला? का?"

"का म्हणजे? फॉल्ट आहे आणि मला सापडत नाही. मला हे काम येत नाही, बस." आवाज चिरकला, त्याचीही लाज वाटली. मी पाठ फिरवली आणि पेटीला स्क्रूड्रायव्हर लावला. दारातून ऊन थेट पेटीवर पडलं होतं. मी पुसली होती तशीच पांढरी होती ती... फक्त टेस्टच्या बटणावर अंगठ्याचा काळा ठसा होता. ठशावर ठसा.

मी त्याचा हात धरला. पहिल्यांदाच. अंगठा उलटा करून बघितला. काजळी आत मुरलेली होती.

"तू दाबत होतास?" आमच्यातलं 'तुम्ही' गेलं ते असं, भांडताना.

"लाइन इतकी चांगली टाकली होती..." तो चाचरला. "तू पुन्हा आलीच नसतीस. मला दुसरं कारण सुचेना."

एरवी या वाक्यावर मी विरघळले असते. "मला माझ्याच हातांची लाज वाटत होती," मी म्हणाले. "बाबांच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता. आणि तू मला चहा पाजत होतास?"

तो पांढराफटक पडला. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, एक फेरीच तर आहे... मला तू आवडतेस. पण हे म्हणायलाही आता तोंड राहिलं नाही."

तेवढ्यात खांद्यावर शिडी घेऊन बाबा दारात आले. गेटवाला गप्प बसू शकला असता. मीही बहुधा गप्पच बसले असते. पण त्याने आत हाक मारली, "आई, तूही ये," आणि दोघांसमोर उभा राहिला.

"लाइनमध्ये काही फॉल्ट नाही. बटण दाबून ब्रेकर मीच पाडत होतो. यांनी परत यावं म्हणून."

मानेपर्यंत लाल झाला होता. त्याच्या आईने कपाळावर हात मारला. माझी इतक्या दिवसांची लाज अंगावरून उतरली, आणि त्याची अवस्था बघून मला वाईट वाटलं, याचा मला फार राग आला.

बाबांनी शिडी खाली ठेवली. वेल्डिंगचा मास्क चढवला, मशीनचा करंट पूर्ण वाढवला आणि भंगाराच्या पट्टीवर लांबलचक टाका मारला. ब्रेकर हलला नाही. मग केबलच्या कडेकडेने चालत त्यांनी एकेक क्लिप बोटाने दाबून पाहिली.

"मीही यापेक्षा चांगली टाकली नसती," ते मला म्हणाले. गेटवाल्याकडे बघून पुढे म्हणाले, "फॉल्ट या पोरात आहे. काढायचा की ठेवायचा, ते तू बघ."

मी शिडी उचलायला वाकले, तर ती त्यांनी स्वतःच खांद्यावर घेतली आणि निघाले. त्याची आई माझ्यासाठी पाणी घेऊन आली. माझ्याकडे न बघताच पेला हातात दिला आणि आत गेली.

मी फडकं काढून बटण पुसलं. "हे महिन्यातून एकदा दाबायचं. जास्त नाही."

"आणि... मधले दिवस?"

"मधले दिवस मी रागावलेली आहे."

"सगळे?"

मी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला आणि निघाले.

बऱ्याच दिवसांनी, एका संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे गेटवाला.

"लाइन ठीक आहे," तो म्हणाला. "एकदम ठीक आहे. तरी... येशील?"

मी कपाट उघडलं नाही. अंगात कामाचा शर्ट होता, कोपरावर भोक पडलेला, खिशात टेस्टर. तशीच गेले.