तीन नंबरची फळी

मुरबाडच्या जुन्या पेठेत दुकानं आतून उघडत, एकेक फळी उचलून. त्या सकाळी रंजितानं तीन नंबरची फळी हलवली, तर बाहेरून कुणीतरी घाईघाईनं म्हणालं, "थांबा... ओलं हाय."

फळी थांबली नाही. फटीतून ब्रश आत आला आणि रंजिताच्या बाहीवर लाल फराटा ओढून मोकळा झाला. ब्रशामागं हात, आणि हातामागं एक उंच, भांबावलेला तरुण.

तो शाम. शेणवे गावचा, मोजणीच्या कामावर सहा महिन्यांसाठी घेतलेला. अठ्ठ्याण्णव साली पेठेला नवं रूप द्यायचा आराखडा निघाला होता. टेम्पो आत यावेत म्हणून गल्ली रुंद होणार होती. रंजिताचं दुकान नेमकं गल्लीच्या कोपऱ्यावर. अकरा फळ्यांचं, आत बैलांसाठी कासरे, वेसणी, घुंगुरमाळा. शामनं तिसऱ्या फळीवर रेघ मारली होती. रेघेच्या डावीकडचं सगळं जाणार. आणि डावीकडंच तिचे बाबा तीस वर्षं दोर वळत बसले होते.

रंजिता भांडली नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना तिनं तीन नंबरची फळी गुपचूप पहिल्या खाचेत सरकवली. रेघ दोन फळ्या मागे हटली, बाबांचा कोपरा वाचला.

सकाळी शामनं फळ्यांवरचे आकडे बोटानं वाचले.

"तीन, एक, दोन, चार... मुरबाडात असं मोजतात?"

"फळ्या फुगल्यात, सायेब. जी जिथं बसंल तिथं बसवायची."

"माझी रेघ पण फुगली वाटतं."

"रेघ तुमची. आमी कशाला हात लावू?"

तो रेघ पुन्हा मारू शकला असता. त्यानं एक घुंगरू विकत घेतलं. दुसऱ्या दिवशी परत माप — टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या — आणि एक कासरा. तिसऱ्या दिवशी वेसण. टेप गुंडाळताना तो दर वेळी तिच्या टोकापर्यंत चालत येई, हे समोर सुकट विकणाऱ्या सकुबाईनं पहिल्याच दिवशी टिपलं होतं.

"आख्खी पेठ येका दिवसात मोजली यानं," ती म्हणाली, "नि तुझं दुकान काय संपत नाय गो."

बुधवारी सकुबाईनंच बातमी आणली. उद्या मोठे साहेब निशाणं तपासणार. एक जरी चुकलं, तर शामला घरी पाठवणार.

रंजिता दिवसभर बाबांकडं बघत राहिली. दिवेलागणीला तिनं तीन नंबरची फळी उचलली आणि तिच्या खऱ्या जागी बसवली. जड गेली... खरंच फुगली होती.

गुरुवारी साहेबांनी टेप लावला. रेघ बोटभरही चुकली नव्हती. शाम फळ्यांकडं बघतच राहिला. एक, दोन, तीन... मग रंजिताकडं. ती आधीच बांधलेला कासरा पुन्हा बांधत होती.

"काम चोख आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे तुझा तो अर्जही वाचायला हवा."

अर्ज शामनं आठवड्यापूर्वीच दिला होता. टेम्पो बाहेरच्या रस्त्यानं न्यावेत, पेठ पायी चालणाऱ्यांना ठेवावी, मग गल्ली रुंद करायला नको. साहेबांनी तो बाबांच्या कोपऱ्यात बसून वाचला, आणि महिन्याभरानं मंजुरी आली.

शाम रॉकेलचा बोळा घेऊन रेघ पुसायला आला.

"राहू दे ती," रंजिता म्हणाली.

त्यानं बोळा खाली ठेवला. "फळी परत का बसवलीत? कोपरा गेला असता."

"बाबा दुसरीकडं बसले असते," ती हळूच म्हणाली. "तुमी कुठं बसला असतात?"

रंजिताला आपण जरा जास्तच बोललो असं वाटलं, आणि तिनं घाईनं विषय बदलला. "घुंगरू नेलंत, कासरा नेलात, वेसण नेलीत. बैल कुठाय तुमचा?"

"बैल..." शामचे कान लाल झाले. "दीड महिना झाला, तुमच्याच दारात उभा हाय."

घुंगुरमाळा वाऱ्यानं हलल्या. निदान रंजितानं तरी माळांवरचा हात काढत वाऱ्याचंच नाव घेतलं.

"घेण्याआधी दात बघ गो," समोरून सकुबाई म्हणाली.

शामला हसू आवरेना, त्यामुळं तेही काम आपसूक झालं.