आईच्या वाटचं शहर

"प्रत्येक गोष्ट दोनदा बघायची. आधी तुझ्या वाटची, मग माझ्या वाटची. आणि माझ्या वाटची बघताना स्वतःला मध्ये आणायचं नाही."

आईनं हे सांगितलं तेव्हा धाकटी परदेशी शिकायला निघाली होती आणि फुगलेल्या बॅगेवर गुडघा टेकवून चेन ओढत होती. त्या घराची रीतच तशी होती. जेवायला बसण्याआधी, घरी नसलेल्याचा वाटा काढून झाकून ठेवायचा. आईची दृष्टी कडेकडेनं विझत गेली, शस्त्रक्रियेचाही उपयोग झाला नाही, तेव्हा तिनं ती रीत डोळ्यांना लावली. खिडकी उघडी आहे की बंद, एवढंच आता तिला कळायचं, आणि तेवढंही फार दिवस कळणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. फोटो पाठव म्हणून ती कधी म्हणाली नाही. "फोटोचं काय लोणचं घालू?" असं विचारायची.

धाकटीनं नेम धरला. एकदा बघायचं, डोळे मिटून आईला आठवायचं, पुन्हा बघायचं आणि मग फोनवर सांगायचं. वर्गातला फळा, खोलीसमोरचं झाड, काहीही असो. ती जुन्या दगडी इमारतींची मापं घ्यायला शिकत होती. जे टेपनं मोजता येतं तेवढ्यावरच विश्वास ठेवायची तिला सवय लागली होती. नेम मात्र श्रद्धेचा होता, आणि तो मापात बसवायच्या फंदात ती पडली नव्हती.

सुट्टीच्या दिवशी ती एकटीच ते पुरातन शहर बघायला गेली. टेकडीच्या उतारावर पसरलेलं, हजारो वर्षांपूर्वी ओस पडलेलं शहर. सकाळचं स्वच्छ ऊन होतं, प्रवासी तुरळक होते. कानात इअरफोन घालून तिनं आईला फोन लावला. घरी आई एकटीच होती. वहिनी कामावर गेली होती आणि संध्याकाळशिवाय यायची नव्हती.

वेशीच्या कमानीचा माथा ढासळला होता, फटींतून गवत उगवलं होतं. धाकटीनं डोळे मिटले, आईला आठवलं, पुन्हा पाहिलं. या खेपेला गवत दिसलं नाही. ऊन डोळ्यांवर आलं असेल, असं म्हणून तिनं कमान तेवढी सांगितली.

पुढचा रस्ता चाकांनी झिजलेला होता. दगडांत खोल चाकोऱ्या पडल्या होत्या आणि त्यांत धूळ साठली होती. दुसऱ्यांदा पाहिलं तर धूळ नव्हती. दगड नुकते धुतल्यासारखे ओले होते. तिनं वाकून बोट लावलं. बोट कोरडंच राहिलं. तरी जे दिसलं ते सांगायचं, या नेमानं तिनं सांगून टाकलं. आई हसली, सडा घातला असेल कुणी, म्हणाली.

चौकात एक हौद होता. तळाशी भेगा पडल्या होत्या आणि भेगेत एक सरडा ऊन खात बसला होता. धाकटीनं डोळे मिटून उघडले, आणि हौद काठोकाठ भरलेला होता. पाण्यावर आकाश हलत होतं.

"कडेचा एकच दगड हिरवा कसा गं?" आईनं विचारलं.

धाकटीनं हिरवा दगड सांगितला नव्हता. तिनं अजून काहीच सांगितलं नव्हतं. डोळे चोळून पाहिलं तर हौद कोरडा, सरडा जागच्या जागी, आणि कडेचे सगळे दगड सारखेच मातकट. रुमाल काढून ती एकेक पुसत गेली. एका दगडावरची धूळ निघाली आणि खालून गडद हिरवा रंग वर आला.

तिनं फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिलं, जागा बदलून पाहिलं. स्वतःसाठी पाहिलं की शहर पडकं. आईसाठी पाहिलं की उभं. मनाचे खेळ म्हणावेत, तर दगड समोर हिरवा होता. तिच्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्यातसुद्धा देवळात आरतीला उभं राहिल्यासारखं वाटत होतं. आई बघत होती. किती दिवसांनी तिची आई काहीतरी बघत होती.

"पुढे चल ना," आई म्हणाली. पदराला ओढणाऱ्या लहान मुलीसारखा आवाज होता तिचा.

उतारावर सगळ्यात वर सभागृह होतं. दाराशी दोर बांधून एक रखवालदार खुर्चीत बसला होता. त्यानं दोर खाली केला आणि आत दगडाचे चार खुंट आहेत, बाकी वर आभाळ, असं आधीच सांगून ठेवलं. एवढं चढून येऊन लोक नंतर त्यालाच बोल लावतात म्हणे, जसं काही छप्पर त्यानंच विकून खाल्लं.

एरवी धाकटी हसली असती. पण आता तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आईला केव्हा एकदा दाखवते असं तिला झालं होतं. तिनं उंबऱ्यावरच डोळे मिटले, आईला आठवलं आणि पाऊल आत टाकून डोळे उघडले.

आपला वाटा ती विसरली. आधी आपलं, मग आईचं, हा क्रम पहिल्यांदाच मोडला.

छप्पर होतं. खांबांची रांग पार आतल्या अंधारापर्यंत गेली होती. उंचावरच्या झरोक्यांतून उजेडाचे पट्टे तिरपे खाली आले होते आणि भिंती निळ्या होत्या, पहाट फुटण्याआधीच्या आभाळासारख्या. खाली माणसं बसली होती. ओळीमागून ओळी. बायका, पुरुष, मांडीवर मुलं. कुणी बोलत नव्हतं. सगळे दाराकडे तोंड करून बसले होते, पाहुणा वेळेवर आल्यावर घरची माणसं बघतात तसे बघत.

पहिल्या ओळीतली एक म्हातारी किंचित सरकली. शेजारच्या रिकाम्या जागेवर तिनं हलकेच हातानं थोपटलं.

"हो," आई फोनवर म्हणाली. "येते."

"आई, कुणाशी बोलतेस?"

"त्यांनी सरकून जागा दिली. नाही कसं म्हणायचं? येते म्हटलं मी."

धाकटीनं घाबरून डोळे घट्ट मिटले आणि स्वतःसाठी उघडले. चार खुंट. वर आभाळ. दारात जांभई देणारा रखवालदार.

"अगं, दिवा का घालवलास?" आईचा आवाज एकदम म्हातारा झाला. "बाळ, काहीच दिसत नाहीये. खिडकीपण दिसत नाहीये."

उरलेला उजेडही गेला होता.

धाकटी खुंटाला टेकली. आई घरात राहायला हवी होती. जेवायला, रागवायला, फोनवर हसायला. असं अंधारात बसवून ठेवलं, तर ती राहणार होती. फक्त डोळे स्वतःसाठी उघडे ठेवायचे. नेमाचं कोण विचारतंय?

फोनवर आई भिंत चाचपडत होती. भांडं पडल्याचा आवाज आला.

"असू दे," आई हळूच म्हणाली. "तू तुझं बघ. आधी तुझ्या वाटचंच बघायचं असतं."

त्या शब्दांनी धाकटीचा धीर सुटला. तिनं डोळे मिटले. आई आठवली. नुसती आई, स्वतःला मध्ये न आणता.

मग उघडले.

उजेडाचे पट्टे जागेवर होते. माणसं तशीच बसून होती. म्हातारीचा हात रिकाम्या जागेवरच होता.

"आलं गं," आई म्हणाली. "दिसलं सगळं."

पडलेलं भांडं तिनं उचलून ठेवलं. कपाटाचं दार वाजलं. निळी साडी नेसते, म्हणाली. रंग तिनं कुणाला विचारला नाही.

"वहिनी येईपर्यंत तरी थांब, आई."

"ते सगळे बसून राहिलेत बाळ. शब्द दिलाय."

कडी निघाली. दार ओढून घेतल्याचा आवाज आला. आई गेलं वर्षभर जिना उतरायची ती भिंतीला हात घासत, एकेका पायरीवर थांबत. आता चपला न अडखळता खाली निघाल्या होत्या. हात कशालाच घासत नव्हता.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी दाटलं, पण तिनं पापणी लवू दिली नाही.

पहिल्या ओळीतली म्हातारी आता तिच्याकडे बघत नव्हती. तिची नजर धाकटीच्या खांद्यावरून मागे, दाराकडे लागली होती.