चिकटपट्टीची सरहद्द

आर्मेनियातल्या दिलिजान गावच्या चढावर पाऊस गाठणार, हे शुशानला वाटलंच होतं. पण छत्री धरायला हात कुठे मोकळा होता... कवेत उद्याच्या शिबिराच्या मोठाल्या कागदांची गुंडाळी. तेवढ्यात मागून कुणीतरी आलं, अंगातलं जाकीट काढलं आणि तिच्यावर नाही, कागदांवर पांघरलं.

"मी भिजतेय," ती म्हणाली.

"तुम्ही वाळाल. कागदांचा मात्र लगदा होईल."

तो झावेन. येरेवानमध्ये मुलांचं खेळघर चालवायचा आणि तिच्याच शिबिराला निघाला होता. युवा कार्यकर्त्यांना निर्वासितांचे हक्क शिकवायचे, तेही भाषणं न झोडता, खेळांतून. शुशान हे पहिल्यांदाच एकटीनं करणार होती.

जेवताना कळलं, तो सीरियातल्या अलेप्पोचा आर्मेनियन. सोळाव्या वर्षी युद्धात घर सोडून आईबरोबर इकडे आलेला. सांगितलं मात्र त्यानं द्राक्षाच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचा तोल्मा चाखता चाखता, सहज. "इथे मिरची नुसती बघायला ठेवतात का हो?"

शुशान हसली. पण ते सोळावं वर्ष तिच्या मनात रुतून बसलं.

सकाळी तिनं सभागृहात जमिनीवर आडवी चिकटपट्टी लावली. ही सरहद्द. अलीकडे निर्वासित, पलीकडे अधिकारी. कुणी काय व्हायचं त्याच्या चिठ्ठ्या वाटत ती झावेनपाशी आली आणि तिचा हात थबकला.

"तुम्ही... तुम्ही खिडकीपाशी बसा ना. नुसतं बघा."

तो जाऊन बसला. खेळ रंगला, पण तिची नजर सारखी त्या खुर्चीकडे. तो खेळ बघतच नव्हता. आपल्या बुटांकडे बघत होता.

कॉफीच्या वेळी तो खांद्याला बॅग लावूनच आला. "तीनची गाडी आहे. निघतो."

"मनाला फार लागला का खेळ?"

"खेळायला मिळालाच कुठे?" तो हसला, पण ओठांपुरतंच. "पहिल्या वर्षी शाळेतही मला असंच बाजूला बसवायचे. बिचारा, सोसून आलाय म्हणून. मला फुटबॉल येत होता हो."

शुशानचे कान तापले. असं कुणाला बाजूला बसवू नये, हेच तर ती सगळ्यांना शिकवायला आली होती. तिनं खिशातली अधिकाऱ्याची चिठ्ठी काढून त्याच्या तळव्यावर ठेवली.

"अजून एक फेरी आहे. अधिकारी कमी पडतोय."

"आणि निर्वासित कोण?"

"मी."

त्यानं बॅग टेबलाखाली सरकवली. स्वयंपाकघरातल्या ग्रेतामावशींचा चष्मा मागून घेऊन नाकावर चढवला.

"फोडलास तर आजही मिरची नाही," मावशींनी बजावलं.

"नाव?" तो खेकसला. सगळे खुदखुदले.

"शुशान."

"सामान?"

"भिजलेले कागद."

"खोटं. कोरडे आहेत. कुणीतरी जाकीट दिलं होतं."

"साहेबांना बरंच ठाऊक दिसतंय."

"येण्याचं कारण?"

सगळ्यांचं हसणं थांबलं.

"पलीकडे एक माणूस आहे. त्याला काय हवं, काय नको, हे त्याला न विचारताच मी ठरवून टाकलं. ते... विचारायचं राहिलंय."

चष्मा घसरला. त्यानं तो सावरला नाही.

"मुक्काम किती दिवस?"

"ते त्याच्यावर आहे. त्याची तीनची गाडी आहे म्हणे."

खाली वळणावर गाडीनं हॉर्न दिला. पुन्हा एकदा दिला. झावेन वाकला, नखानं चिकटपट्टीचं टोक उचकटलं आणि ती गुंडाळत गुंडाळत तिच्या पावलांपाशी आला.

"गाडी काय, रोज असते," तो हळूच म्हणाला. "ये ना आत."